सोळा घरांचा ठेका: ड्रम मशीन हाती घेणाऱ्या नवख्यांसाठी

चोपडा तालुक्यातल्या एका गावात, हळदीच्या रात्री, मी पहिल्यांदा ड्रम मशीन चार लोकांत वाजवलं. त्याआधी आठ वर्षं ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवत होतो, त्यामुळे अंगात मस्ती होती. घरी बसून केरवा भरला. डग्ग्याच्या जागी दणदणीत किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा खोल आवाज, टाकला आणि तोही एकेका मात्रेला, म्हणजे कुठे काही कमी पडायला नको. बाया गायला बसल्या. दोन कडवी झाली आणि गाणं थांबलं. नवरदेवाची आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "भो, ते बंद कर. आमले दम लेऊ दे."

मला वाटलं आवाज जास्त झाला. कमी केला, तरी गाणं काही उठेना. रात्री घरी जाताना, मोटारसायकलवर, लक्षात आलं की माझ्या ठेक्यात श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती.

पुढे जे लिहितोय ते ज्यांनी आजवर अशा मशीनला हात लावलेला नाही त्यांच्यासाठी. नोटेशन वाचता येत नसलं तरी चालेल. केरवा आणि दादरा मात्र तोंडाने म्हणता यायला हवेत. ते येत नसतील तर गावातल्या भजनी मंडळात पखवाज-तबल्याशेजारी आठवडाभर बसा आणि मग पुढचं वाचा.

आधी नावांचा घोळ मिटवू

आपल्याकडे 'मशीन' म्हटलं की कोणी ऑक्टापॅड समजतो, कोणी कीबोर्डचा रिदम. ऑक्टापॅड म्हणजे आठ रबरी पॅड आणि त्यावर काडी. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड काढला, आणि आपल्या बँडवाल्यांच्या गाडीत जो जुना काळा डबा दिसतो तो बहुतेक वेळा १९९८ चा एसपीडी-२० असतो. वाजवणारा हात थांबला की तोही थांबतो. कीबोर्डमधली 'स्टाइल' म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच बांधून ठेवलेली अख्खी साथ. शास्त्रीय गाणारे रियाजाला वापरतात ती तालमाला, बेंगळुरूच्या राडेल कंपनीमुळे घराघरांत पोचलेली, ती आपल्या मशीनची सख्खी चुलत बहीण: ताल निवडा, लय ठरवा, ठेका चालू.

ड्रम मशीनमध्ये ठेका तुम्ही लिहिता. कुठल्या क्षणी कुठला आवाज यायचा ते एकदा सांगितलं की ते न चुकता, न थकता तेच वाजवत राहतं. तुम्ही चूक लिहिलीत तर चूकही तितक्याच इमानदारीने वाजवतं.

थोडं मागे जाऊ, कारण बटणं कुठून आली ते कळलं की दाबायला सोपं जातं

१९३१ च्या सुमारास लिओन थेरेमिन या रशियन संशोधकाने हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकारासाठी रिदमिकॉन नावाचं यंत्र बनवलं. त्यात वेगवेगळ्या गतींचे ठेके एकाच वेळी एकमेकांवर चढवता यायचे. कौतुक झालं, वापर फारसा झाला नाही.

बाजारात चाललं ते १९५९ चं वुर्लिट्झर कंपनीचं साइड मॅन. लाकडी कपाटाएवढं खोकं, आत व्हॉल्व्ह आणि एक मोटर. मोटरमुळे एक दांडा गोल फिरायचा आणि वाटेतल्या धातूच्या टिकल्यांना शिवत जायचा. टिकली शिवली की आवाज. दांडा जोरात फिरवला की लय चढली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरचं जातं आठवलं. जात्याचा खुंटा एका फेऱ्यात जिथे जिथे जड जातो तिथे ओवीला जोर येतो. साइड मॅनमध्ये खुंट्याच्या जागी वीज होती, एवढंच. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट असे ठेके त्यात आधीच भरलेले, बदलायची सोय नव्हती. ते घ्यायचे कोण, तर हॉटेलात एकटे ऑर्गन वाजवणारे, ज्यांना ड्रमवाला परवडत नव्हता. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने यावर तक्रार केली होती की हे यंत्र आमच्या पोटावर पाय देणार. आमच्या बेंजो पार्टीतले ढोलवाले डीजेबद्दल जे म्हणतात, अगदी तेच.

मग जपान. आधी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारे इकुतारो काकेहाशी यांनी एस टोन नावाने १९६७ मध्ये रिदम एस हे सोळा ठेक्यांचं छोटं मशीन काढलं. दोन बटणं एकदम दाबली की दोन ठेके एकमेकांत मिसळायचे, आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. तयार ठेक्यावर कोणाचंच समाधान होत नाही. १९७२ मध्ये काकेहाशींनी रोलँड कंपनी सुरू केली, आणि १९७८ मध्ये त्यांचं सीआर-७८ आलं, ज्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि स्वतः केलेला ठेका साठवता यायचा. इथून पुढे मशीन ऐकणाऱ्याचं राहिलं नाही, लिहिणाऱ्याचं झालं. उरलेला इतिहास जिथे कामाला येईल तिथे सांगतो.

पहिली पायरी: काही विकत घेऊ नका

खरंच सांगतो. पहिला महिना मोबाइलवर काढा. बँडलॅब फुकट आहे. कॉम्प्युटर असेल तर हायड्रोजन नावाचं फुकट ड्रम मशीन आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं. आपल्याकडच्या अहिराणी गाण्यांच्या स्टुडिओंत आणि डीजेंकडे जो एफएल स्टुडिओ दिसतो, तोही मुळात ड्रम मशीनच. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ मध्ये तो फ्रूटी लूप्स या नावाने आणला तेव्हा त्यात चार आवाजांच्या रांगा होत्या आणि फारसं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र पाळा. ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ इयरफोन वापरू नका. बटण दाबल्यापासून आवाज कानी येईपर्यंत दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. हा उशीर गाणं ऐकताना कळत नाही, पण पॅडवर बोट मारून ठेका भरताना सगळं विस्कटतं आणि तुम्ही स्वतःलाच 'लय नाही' म्हणून दोष देत बसता. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून साधा वायरवाला इयरफोन आणा.

महिन्याभराने हौस टिकली तर मशीन घ्या. कोर्गचं वोल्का बीट्स लहान आहे आणि बॅटरीवर चालतं, हा आपल्याकडे फार मोठा गुण. स्वतःचे आवाज भरायचे असतील तर पॅडवालं सॅम्पलर बघा. सेकंडहँड घेताना प्रत्येक बटण वीस-वीस वेळा दाबून बघा. धूळ बसून बटणं दोनदा लागायला लागतात आणि दुकानदार ते कधी सांगत नाही.

दुसरी पायरी: तोंड आणि टाळी

मशीन बंद ठेवा. केरवा म्हणा:

धा गे ना ती । ना के धी ना

हाताने एक, तीन, पाच, सात या मात्रांवर टाळी द्या. आता ज्या गाण्याला साथ करायची आहे ते गुणगुणत तशीच टाळी द्या आणि घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडल्या ते मोजा. त्याला चाराने गुणा. हा आकडा म्हणजे बीपीएम, मिनिटाला किती ठोके. पंधरा सेकंदांत २५ टाळ्या पडल्या तर १००. बहुतेक मशीनवर 'टॅप' नावाचं बटण असतं, त्यावर टाळीच्या जागी चार वेळा बोट मारलं की तेच उत्तर येतं. तरी आधी हाताने मोजायला शिका.

१०० बीपीएमला एक ठोका ०.६ सेकंदाचा. त्यात केरव्याच्या दोन मात्रा, म्हणजे मात्रा ०.३ सेकंदाची. हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी: सोळा घरं

१९८० मध्ये रोलँडने टीआर-८०८ काढलं. त्याच्या खालच्या बाजूला सोळा बटणांची एक रांग आहे: चार लाल, चार केशरी, चार पिवळी, चार पांढरी. एक रंग म्हणजे एक ठोका. बटण दाबलं की दिवा लागतो आणि त्या क्षणी आवाज येतो, पुन्हा दाबलं की विझतो. ठेका डोळ्यांनी दिसायला लागतो. आज मोबाइलवर जी चौकटींची जाळी दिसते ती या रांगेचीच नात. मी चौकटींना घरं म्हणतो, सोंगट्यांच्या पटासारखी.

केरव्याच्या आठ मात्रा, घरं सोळा. म्हणून प्रत्येक मात्रेला दोन घरं, आणि मात्रा विषम घरांत पडतात: पहिली १ मध्ये, दुसरी ३ मध्ये, तिसरी ५ मध्ये, अशी आठवी १५ मध्ये.

आता बोल सोडवून बघा. 'धा' मध्ये डग्गा आणि तबला दोन्ही आहेत. 'गे' फक्त डग्गा. 'ना' आणि 'ती' फक्त तबला. 'के' म्हणजे डग्ग्यावर बंद थाप, घुमारा नाही. 'धी' मध्ये पुन्हा दोन्ही. म्हणजे डग्ग्याचा घुमारा, आपल्या मशीनमधला किक, फक्त तीन घरांत येतो:

किक: १, ३, १३
वरचा टणक आवाज (रिमशॉट किंवा वरचा कोंगा): १, ५, ७, ९, १३, १५
बंद थाप (दबलेली टाळी किंवा बंद हाय-हॅट, हळू): ११

एवढंच भरा आणि चालू करा. किकच्या रांगेकडे बघा. चौथ्या घरापासून बाराव्यापर्यंत सलग नऊ घरं रिकामी आहेत. ही केरव्याची खाली. पाचव्या मात्रेला तबलजी डग्गा उचलून धरतो ते हेच. चोपड्याच्या हळदीत मी या नऊ घरांत किक कोंबले होते, आणि बाया कडव्याच्या शेवटी श्वास नेमका तिथे घेतात.

नवख्याचा हात रिकाम्या घरांकडे जातोच. जाळी दिसली की ती भरावीशी वाटते, जसं शेतात कपाशीची नांगी, म्हणजे ओळीतली रिकामी जागा, दिसली की बी टोचावंसं वाटतं. शेतात टोचा, इथे राहू द्या.

दादऱ्याला सहा मात्रा, म्हणून सोळा घरं चालत नाहीत. मशीनमध्ये 'लेंग्थ' किंवा 'लास्ट स्टेप' अशी सोय शोधा आणि ती १२ वर ठेवा. धा धी ना । धा ती ना याप्रमाणे किक १, ३, ७ वर, वरचा आवाज सगळ्या सहा मात्रांना. ठेका अडखळतोय, दर फेरीला सम पुढे सरकतेय असं वाटलं तर बाकी कुठेही न बघता आधी ही लांबी तपासा. दहापैकी नऊ वेळा ती १६ वर राहिलेली असते.

चौथी पायरी: आवाज

मशीनचा आवाज दोन रीतींनी तयार होतो, आणि दोन्ही रीती त्याच वर्षी, १९८० मध्ये, समोरासमोर उभ्या राहिल्या.

८०८ मधला प्रत्येक आवाज सर्किटमध्ये जन्मतो. किक म्हणजे टोला दिल्यावर घंटेसारखं कंप पावणारं सर्किट, ज्याचा घुमारा एका बटणाने लांबवता येतो. झांजेचा आवाज सहा ऑसिलेटरांच्या, म्हणजे सतत सूर काढणाऱ्या सर्किटांच्या, कालव्यातून गाळून काढलेला. काकेहाशींनी सांगितलं आहे की त्यातली विशिष्ट खरखर मिळवण्यासाठी ते मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेत. कारखान्यांचा दर्जा सुधारला, तसे सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि १९८३ मध्ये ८०८ बंद पडलं. जेमतेम बारा हजार मशीनं विकली गेली होती.

१९८० मध्येच रॉजर लिन या अमेरिकन गिटारवाल्याने एलएम-१ काढलं, ज्यात खऱ्या ड्रमचे आवाज ध्वनिमुद्रित करून चिपमध्ये भरले होते. किंमत जवळपास पाच हजार डॉलर, ८०८ च्या चौपट. त्या काळी मेमरी इतकी महाग की लांबणारी क्रॅश झांज त्यात बसवलीच नव्हती. श्रीमंत स्टुडिओंनी लिनचं घेतलं. ८०८ चा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून लोकांनी ते मोडीत काढलं, आणि मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळायला लागल्यावर न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्या आणि डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्या पोरांनी उचललं. आज वरातीत डीजेच्या गाडीसमोर छातीत जो 'धुम्म' बसतो, तो बहुतेक वेळा त्या किकच्याच वंशातला.

आपला एक माणूस यात फार लवकर पोचला होता. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८ आणि आणखी दोन रोलँड वाद्यं घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. रागाची आलापी सिंथेसायझरवर, खाली यंत्राचा ठेका. तेव्हा तो कोणी फारसा घेतला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि जगभरचे लोक थक्क झाले. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. त्यांचा ठेका ऐकाल तर तो अगदी साधा आहे, रागाला वाट मोकळी सोडणारा.

तुम्ही कोणती रीत घ्यावी? माझं मत: किक सर्किटचा, बाकी सगळं आपलं. कारण मशीनमधला 'इंडियन परकशन' नावाचा संच कितीही चांगला असला तरी आपल्या खानदेशी वहीगायनातला डफ त्यात नसतो. तो स्वतः भरा. डफ शेकून घ्या, मोबाइल फूटभर लांब ठेवा, पंखा बंद करा. एक उघडी थाप, एक बंद थाप, एक कडेवरची टिचकी, प्रत्येकी पाच-सहा वेळा. त्यातली चांगली निवडा आणि सुरुवातीची शांतता अगदी थापेच्या तोंडापर्यंत कापा. तिथे वीस मिलिसेकंदांची फट राहिली तरी डफ कायम मागे ओढल्यासारखा वाटतो, आणि कारण सापडता सापडत नाही.

दोन आवाज एकाच घरात टाकताना एक गंमत करून बघा. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या होळीला ढोल ऐकलेत का? इतके ढोल एकदम वाजतात, पण कुठलेही दोन ढोल केसभर तरी मागेपुढे असतात, म्हणून तो आवाज जाडजूड होतो. ८०८ च्या टाळीतही हीच युक्ती आहे: एक टाळी नसते, अगदी लागोपाठ पडलेले काही बारीक फटके असतात. तुमची डफाची थाप तीनदा कॉपी करा आणि दोन कॉपी दहा-पंधरा मिलिसेकंदांनी मागे सरकवा. एका डफाचे तीन डफ होतात.

पाचवी पायरी: वजन आणि झोल

सगळी घरं एकाच जोराने वाजली की ठेका शिलाई मशीनसारखा वाटतो. ८०८ मध्ये यावर एकच उपाय होता, अॅक्सेंटची एक रांग: तिथे जे घर लावाल त्या घरातले सगळे आवाज जोरात. आता प्रत्येक घराचा जोर वेगळा ठरवता येतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. सम शंभर टक्के, 'ती' साठच्या आसपास, 'के' चाळीस. मग कान सांगेल तसं.

झोल, म्हणजे ठेक्याचं डुलणं, मात्र नीट समजून घ्या, कारण इथे मी स्वतः तीन महिने चुकत होतो. मशीनवर 'स्विंग' नावाचं बटण असतं. ही रॉजर लिनचीच देणगी, एलएम-१ पासून. ते सम घरांना, म्हणजे २, ४, ६, ८... या घरांना, जरा उशिरा वाजवतं. ५० टक्के म्हणजे सरळ. ६६ टक्के म्हणजे दोन घरांच्या जोडीचे तीन भाग करून तिसऱ्यावर मारल्यासारखं, पूर्ण डुलकं. मी बटण फिरवायचो आणि माझ्या केरव्यात काहीच फरक पडायचा नाही. मशीन बिघडलंय असं समजून जळगावला दुरुस्तीलाही घेऊन गेलो.

मशीन धडधाकट होतं. वर भरलेला केरवा पुन्हा बघा: सगळे बोल विषम घरांत आहेत. स्विंग हलवतं सम घरं, आणि तिथे आपण काहीच ठेवलेलं नाही.

उपाय सोपा आहे. बीपीएम निम्मं करा, १०० चं ५०, आणि एका मात्रेला एकच घर द्या. आठ मात्रा पहिल्या आठ घरांत, आणि तीच फेरी पुन्हा ९ ते १६ मध्ये. किक येईल १, २, ७ आणि ९, १०, १५ वर. मात्रा पूर्वीइतकीच, ०.३ सेकंदाची. आता 'गे', 'ती', 'के' आणि शेवटचा 'ना' सम घरांत आले. स्विंग ५४ पासून हळूहळू वाढवा. ५६-५८ च्या आसपास ठेका अचानक चालायला लागतो, बैलगाडीसारखा एक अंग टाकत. ६२ च्या पुढे गेलात तर केरवा सोडून भलतीकडेच जाल.

सहावी पायरी: ठेक्याचं गाणं

एकच फेरी पाच मिनिटं चालवली तर ऐकणारा झोपतो. निदान चार पॅटर्न करा: साधा ठेका; त्यातून किक पूर्ण काढलेला, मुखड्याआधीच्या दोन ओळींसाठी; तिहाई किंवा उठाव; आणि कडव्याचा जरा भरलेला. मग त्यांची साखळी लावा. रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी १९८८ मध्ये एमपीसी-६० केलं, त्यात सोळा चौकोनी रबरी पॅड होते आणि असे तुकडे जोडून अख्खं गाणं उभं करता यायचं. आजच्या मोबाइल अॅपमधली चार बाय चारची पॅडं तिथूनच आली.

दोन यंत्रं जोडायची असतील, समजा कीबोर्ड आणि मशीन, तर मिडीची तार लावा. मिडी १९८३ मध्ये ठरलं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. त्याबद्दल काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मिडीचं घड्याळ एका ठोक्यात २४ टिचक्या पाठवतं. एका यंत्राने टिचक्या द्यायच्या, दुसऱ्याने घ्यायच्या. दोघांनाही 'मास्टर' करून ठेवलंत तर दोन सासवांचं घर होतं.

मंडपात नेण्याआधी

हळदीला बाया गातात तेव्हा गाण्याची लय हळूहळू चढते. कानबाई देवीच्या गाण्यांनाही तेच. ती चूक नाही, रंग भरतोय. मशीन मात्र १०० म्हणजे १०० वर ठाम. म्हणून लयीच्या बटणावर एक बोट कायम ठेवा आणि दर दोन-तीन कडव्यांनी एक-एक अंक वाढवा. कोणाला कळतही नाही.

तारा: मशीनमधून बहुतेक वेळा बारीक पिन निघते आणि मिक्सरला मोठा पाव इंची जॅक लागतो, ज्याला आपले दुकानदार पी-३८ म्हणतात. दोन तारा जवळ ठेवा, एक नक्की जाते. गावात भोंगे लावले असतील तर ८०८ चा खोल किक त्यांतून येणारच नाही, भोंग्याला तेवढं खालचं वाजवता येत नाही. तिथे किकचा सूर वर घ्या किंवा त्यावर डफाची थाप चढवा. उलट सबवूफर असेल तर किकचा घुमारा कमी करा, नाहीतर पुढचा किक येईपर्यंत आधीचा संपलेला नसतो आणि सगळा चिखल होतो.

वीज: आपल्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही, आणि जनरेटरवर व्होल्टेज नाचतं. शक्य तिथे बॅटरीवर चालवा. अडॅप्टर उसना घेताना त्यावरचं गोलातलं अधिक-उणे चिन्ह मशीनवरच्या चिन्हाशी जुळवून बघा. रोलँड-बॉसच्या बऱ्याच नऊ व्होल्ट अडॅप्टरांत मधलं टोक उणे असतं, कोर्ग वोल्काला ते अधिक लागतं. पिन बसली म्हणजे चिन्ह जुळलं असं समजू नका, घात तिथेच होतो. ठेका भरल्या भरल्या 'सेव्ह' करा. बऱ्याच मशीनांत सेव्ह न केलेलं वीज गेली की पुसतं.

ऊन: जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो आणि लग्नं त्याच महिन्यात. बंद गाडीत मशीन ठेवू नका. ओल्या पंचात गुंडाळण्याचा सल्ला मला एकाने दिला होता, तोही ऐकू नका.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. पोलीस आले की पहिला हात मशीनवाल्याच्या तारेला लागतो, म्हणून पावणेदहालाच आपण होऊन आवाज खाली घ्या.

किर्तनात आणि दिंडीत हे नेऊ नका. मुक्ताईनगरच्या वाटेवर पखवाजाच्या जागी मशीन लावलेलं मी एकदा पाहिलं. टाळकरी बिचारे हसले नाहीत, पण वाजवायचे थांबले.

एका महिन्यानंतर

धुळ्याकडचे एक ढोलकीवाले तात्या आहेत, सत्तरी ओलांडलेले. माझं मशीन बघून पहिल्यांदा म्हणाले, "तुन्हं यंत्र थकत नही. मानूस थकस, म्हनीसन गाणं थांबस, आन मंग लोके जेवाले बठतस." मी त्यांना माझ्यासोबत वाजवायला बोलावलं. तुम्हीही असा एखादा जिवंत वादक शोधा, मशीन चालू करा आणि त्याच्या हातातून जे जे वाजतंय ते ते मशीनमधून एकेक करून बंद करत जा.

पहिल्या दिवशी मी किकची रांग विझवली, कारण त्यांचा घुमारा माझ्या किकपेक्षा गोड होता. तिसऱ्या दिवशी रिमशॉट गेला. आता माझ्या पॅटर्नमध्ये तीन आवाज उरलेत: समेवर एक झांज, दूरवरची एक टाळी आणि सम घरांत अगदी बारीक खुळखुळा, स्विंग ५७ वर. परवा अमळनेरच्या लग्नात दुसऱ्या गाण्यानंतर तात्या वाकून म्हणाले, "भो, तो खुयखुया बी जरा कमी कर."